कैतान पोस्टमनची हरकत

"...एलायस कैतान रुमाव, आपल्याच धर्मग्रामातला. त्याच्या गुरुदीक्षेला कोणाची रास्त हरकत असेल, तर ती त्याने माझ्याकडे येऊन सांगावी," एवढं वाचून फादर हिलरींनी चष्मा काढला आणि आमच्या बाकाकडे बघून हसले.

सगळं चर्च आमच्याकडे बघून हसलं. एलायस माझा धाकटा भाऊ. सेमिनरीतलं शिक्षण संपवून तो उपधर्मगुरू झाला होता आणि नाताळनंतरच्या शनिवारी बिशप येऊन त्याला धर्मगुरू करणार होते. आमच्याकडे लग्न ठरलं की वधूवरांची नावं रविवारच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, वाचून दाखवतात, कोणाची हरकत आहे का विचारतात. गुरुदीक्षेआधीही तसंच विचारतात. लग्नाला क्वचित कोणी हरकत घेतंही. गुरुदीक्षेला कोणी घेतल्याचं आमच्या गावात कोणालाच आठवत नव्हतं.

पपा हसले नाहीत. ते समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बसले.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात लोकांनी त्यांचे हात धरधरून अभिनंदन केलं. पपांनी सगळ्यांचे आभार मानले. मग ते फाटकाकडे न जाता उलट्या बाजूला, धर्मगुरूंच्या घराकडे चालायला लागले.

"अहो, कुठे?" आईने मागून विचारलं. "मटण चुलीवर ठेवून आलेय मी."

"फादरांकडे. हरकत सांगायची आहे."

"कोणाची हरकत?"

"माझी."

आईला आधी ती गंमत वाटली. पण पपा गंमत करत नसत. वसईच्या आमच्या पट्ट्यात त्यांनी सारा जन्म पोस्टमनचं काम केलं होतं. कोणाला कोणाचं पत्र आलं, कोणाच्या घरी तार गेली, हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. तार वाचून रडणाऱ्या माणसाजवळ थांबून, घरी येऊन, "आज उशीर का झाला?" या प्रश्नाला ते "सायकल पंक्चर" एवढंच उत्तर द्यायचे.

"जसिंता, जा त्यांच्याबरोबर," आई माझ्या कानाशी म्हणाली. "काय बोलतात बघ. नाहीतर बोलूच देऊ नकोस."

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात नुकती लागले होते आणि सुट्टीवर आले होते. पपांना कसं बोलू द्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी त्यांच्यामागे गेले.

फादर हिलरी नाश्त्याला बसत होते. पपांना बघून ते उठलेच. "या, कैतान! या, धर्मगुरूचे बाप! आणि ही पेपरवाली कशाला आणलीत? छापायचंय वाटतं आत्ताच?"

"फादर, तुम्ही विचारलंत, म्हणून आलो."

"मी काय विचारलं?"

"हरकत."

फादरांनी पाव खाली ठेवला. "बसा."

पपा बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली, तिच्या कडा सारख्या केल्या. "एलायसच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले.

"तब्येतीचं काही..."

"तब्येत चांगली आहे. गोष्ट राहत नाही. एक सांगितली की दुसऱ्या मिनिटाला बाहेर. आणि फादर, धर्मगुरूला लोकांचं पापनिवेदन ऐकायचं असतं. तिथे ऐकलेलं मरेपर्यंत बाहेर काढायचं नसतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग झालं तर. तो चांगला आहे, प्रेमळ आहे, अभ्यासात हुशार आहे. तुम्ही शाळेत मास्तर करा त्याला, सरपंच करा. धर्मगुरू करू नका."

मी हसू नये म्हणून भिंतीवरच्या पोपच्या फोटोकडे बघितलं. कारण पपा खोटं बोलत नव्हते. एलायस लहान असताना पपा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून टपाल वाटायला न्यायचे. एक दिवस तो आळीच्या तोंडापासूनच ओरडत सुटला, "रेमेतकाकी, तुमच्या जावयाचं पत्र आलं, ते पण बिनतिकिटाचं!" त्या दिवसापासून दांडी बंद झाली. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी दिलेला चहा तोंडाला लावायच्या आत त्याने त्यांना सांगून टाकलं होतं की गणितात मला दुसऱ्यांदा बसावं लागलं. आईपपांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही गुपचूप केक मागवला. तो आईला आदल्या दिवशीच कळला, चवीसकट. मी पेपरात लागल्यावर तोच म्हणाला होता, "ताई, तू बातम्या विकतेस. मी फुकट वाटतो."

"कैतान," फादर हिलरी म्हणाले, "हे मला माहीत नाही असं नाही. माझी इथे बदली झाल्याची बातमी मला बिशपांच्या कचेरीतून कळायच्या आधी एलायसकडून कळली होती. सेमिनरीत कोणाच्या तरी तोंडून त्याने ऐकली, आणि धावत सांगायला आला. वर म्हणाला, फादर, कोणाला सांगू नका."

"बघा!"

"पण तेव्हा तो पोरगा होता. आता शिकलाय. सेमिनरीने त्याला पारखलंय."

"सेमिनरीत त्याच्याकडे कोणी गुपित दिलं नसेल. आम्ही दिलीत. आम्हाला माहीत आहे."

फादर अगदी हळू, शाळेत समजावतात तसं म्हणाले, "हे बघा. तुम्ही हे मला शेजारी म्हणून सांगत असाल, तर मी ऐकलं आणि विसरलो. पण हरकत म्हणून सांगत असाल, तर मला ती सेमिनरीच्या रेक्टरांना कळवावी लागेल. खुद्द बापाने घेतलेली हरकत. ते चौकशी करतील. गुरुदीक्षा पुढे जाईल. कदाचित वर्षभर. कदाचित..." ते थांबले. "तुमचा मांडव ठरलाय. बँड ठरलाय. गाव काय म्हणेल? त्याला काय वाटेल?"

"त्याला वाईट वाटेल," पपा म्हणाले. "मला वाटत नाही होय? पण प्रश्न माझ्या मुलाचा नाही, फादर. उद्या एखादी बाई त्याच्यासमोर गुडघे टेकेल, जे नवऱ्याला सांगितलं नाही ते त्याला सांगेल. तिचा प्रश्न आहे. ती हरकत सांगायला इथे येणार नाही. मी ओळखतो म्हणून मी आलो. तुम्ही चर्चमध्ये विचारता ते खरंच विचारता की नुसतं वाचता?"

आता मला हसू येत नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की पपा मागे हटणार नाहीत, आणि ज्याला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं, त्या माझ्या भावाची गुरुदीक्षा या टेबलावर, पावाच्या ताटलीशेजारी मोडणार आहे.

"पपा," मी म्हणाले, "एकदा त्याच्याशी बोला तरी."

"बोललो तर तो सगळ्या सेमिनरीला सांगेल की पपा हरकत घेणार आहेत."

तेही खरं होतं.

"मग कळवू?" फादरांनी विचारलं.

"कळवा."

तेवढ्यात दार वाजलं आणि उत्तराची वाट न बघता आई आत आली. डोक्यावरचा मिस्सेचा पदर तसाच होता, पण चपला तिने चुलीपाशी घालायच्या घातल्या होत्या. म्हणजे ती घरी जाऊन मटण उतरवून आली होती.

"झालं सांगून?" तिने मला विचारलं.

मी मान हलवली.

"पोटात राहत नाही तेच ना?"

मी पुन्हा मान हलवली. आई खुर्चीत बसली नाही. पपांच्या मागे उभी राहिली, म्हणजे त्यांचा चेहरा दिसू नये.

"फादर, मला एक कबूल करायचंय. इथेच चालेल का?"

"नाताल," फादरांनी आईला नावाने थांबवलं, "इथे कैतान आहेत, पोरगी आहे..."

"त्यांच्यासमोरच करायचंय. नाहीतर उपयोग काय?" तिने श्वास घेतला. "आमच्याकडची नाताळची वाइन. तुम्हाला आवडते ना?"

फादर गोंधळले. "आवडते म्हणजे? अख्ख्या धर्मग्रामात तशी वाइन नाही. मी दरवर्षी दुसरा ग्लास मागून घेतो."

पपांची वाइन ही आमच्या घरातली मोठी गोष्ट होती. नोव्हेंबर लागला की ते काळ्या मनुका आणायचे, चिनी मातीच्या बरणीत साखर, गहू, दालचिनी घालून फडकं बांधायचे. नाताळात घरी येणाऱ्या प्रत्येकाला ग्लास भरून द्यायचे आणि मग कृती सांगायचे. ती कृती ऐकल्याशिवाय कोणी घरी जात नसे. या वर्षी गुरुदीक्षेच्या जेवणासाठी त्यांनी दुप्पट मोठी बरणी लावली होती.

"ती यांची नसते," आई म्हणाली. "यांची दरवर्षी आंबते. रोज फडकं सोडून बघतात, ढवळतात, मग काय होणार? पहिल्या वर्षी मी ती नारळाच्या बुंध्यात ओतली. नारळ दोन महिने रुसला होता. तेव्हापासून मी ती व्हिनेगर म्हणून वापरते. माझं इंद्यालचं आंबट मटण गावात सगळ्यात चांगलं होतं ते उगाच नाही."

"मग मी पितो ती कोणाची?"

"तेरेजची. आमच्या दुमिंगची बायको."

मी उडालेच. दुमिंगकाका पपांचे चुलतभाऊ, आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी. बांधावरच्या फणसाची फांदी कोणी छाटायची यावरून दोघं भांडले होते, आणि तेव्हापासून चर्चमध्येसुद्धा वेगवेगळ्या दारांनी जात होते.

पपांनी टोपीची कड पुन्हा एकदा सारखी केली. फादर हिलरी टेबलावरच्या पावाकडे बघत राहिले, पावाने मध्ये पडावं अशा आशेने.

"वाइन बदलते ते मला माहीत आहे," पपा म्हणाले.

"काय?" आईचा पदर डोक्यावरून घसरला.

"बरणी मी रोज उघडतो, तूच म्हणालीस. मला वास येत नाही? आणि मी लवंग घालत नाही. लवंग घालायची आमची आजी. तिच्याकडून शिकली ती फक्त तेरेज."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू एवढं मन लावून करत होतीस."

"आणि मी मेली चोरासारखी बाटल्या लपवतेय पिंपात! आणि तुम्ही वर सगळ्यांना कृती सांगताय!"

"कृती माझी खरीच आहे," पपा म्हणाले. "वाइन वेगळी, एवढंच." मग ते फादरांकडे वळले. "पण याचा एलायसशी काय संबंध?"

"संबंध?" आई आता त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "वाइन बदलते ते माहीत होतं, मग ती बांधावरून आणत कोण होतं ते नाही माहीत?"

"तेरेज आणून देत असेल."

"दुमिंगच्या डोळ्यांदेखत? तुमच्या दारात? त्या फणसानंतर? बरं, मी कधी बांध ओलांडताना दिसले तुम्हाला?"

"नाही."

"एलायस आणायचा. केळीच्या ओळीतून. पिशवीत बाटल्या, वर तेरेजने दिलेली अळूची पानं. लहान असताना पहिलं कम्युनियन झालं त्या वर्षापासून, सेमिनरीत जाईपर्यंत. नंतरही, नाताळच्या सुट्टीत येतो तेव्हा तोच आणतो."

"त्याला काय सांगायचीस? व्हिनेगर आहे म्हणून?"

"खरं तेच सांगितलं होतं. पपांची बिघडलीय, त्यांना कळलं तर वाईट वाटेल, म्हणून बोलायचं नाही. एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही."

पपांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"नाही, पपा."

"तुला नाही सांगितलं त्याने? तुला तर तो झोपेतसुद्धा सगळं सांगायचा."

"अक्षर नाही."

बाहेर बायबल वर्गाची मुलं घंटेच्या दोरीखाली भांडत होती. पपांच्या मनात काय चाललं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ वाचता येत होतं, कारण माझंही तेच चाललं होतं. गावातलं प्रत्येक गुपित ज्याच्या तोंडून बाहेर पडलं, तो मुलगा दर नाताळला त्या टेबलाशी बसत होता. समोर बाप पाहुण्यांना मनुका किती वेळ भिजवायच्या ते सांगत होता.

"तेव्हा त्याच्या तोंडात नेवरी असायची," पपा शेवटी म्हणाले.

"कोणाच्या?" फादरांनी विचारलं.

"एलायसच्या. मी वाइनचं सांगायला लागलो की हा गोड नेवऱ्या कोंबायचा. दोन दोन, एका वेळी. गाल फुगायचे. मी म्हणायचो, हावरट आहेस, पाहुण्यांना ठेव." ते थांबले. "नाताल, मला वाटायचं, एलायसला हे माहीत नाही. त्याला माहीत असतं, तर साऱ्या आळीला माहीत असतं. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं निर्धास्त होतो."

मग पपा उभे राहिले. टोपी झटकली.

"फादर, तुम्ही चर्चमध्ये विचारता ते खरंच विचारता, हे बरं आहे. विचारत जा."

"आणि हरकत?"

"मला माहिती कमी होती."

"म्हणजे मागे घेतली ना? नीट सांगा, कैतान, मला नाश्ता करायचाय."

"घेतली," पपा म्हणाले आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यावरून वळून म्हणाले, "दुसरा ग्लास मात्र यंदाही मागा. तेरेजला बरं वाटेल."

गुरुदीक्षेच्या संध्याकाळी एलायस पांढऱ्या झग्यात वेदीसमोर पालथा पडला आणि सगळं चर्च संतांची नावं घेत त्याच्यासाठी प्रार्थना करू लागलं, तेव्हा आई रडली, मी रडले. पपा रडले नाहीत. पण त्याआधी बिशपांनी हा योग्य आहे का, असं रेक्टरांना विचारलं आणि रेक्टर "होय" म्हणाले, तेव्हा टाळ्या वाजवायच्या असतात. पपांनी त्या सगळ्यांच्या आधी वाजवल्या. जरा आधीच. रेक्टरांचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी एलायसची पहिली मिस्सा. सकाळी आम्ही चहाला बसलो होतो. एलायस सेमिनरीतली कोणती तरी हकीकत सांगत होता, हातवारे करून, कोणी कोणाच्या झग्यावर शाई सांडली ते नावानिशी. पपा आत आले आणि म्हणाले, "फादर एलायस, जरा येता का? पापनिवेदन करायचं आहे."

एलायस बोलता बोलता थांबला. पपांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा "अहो" केलं होतं. त्याने कप ठेवला, गळ्यात जांभळा पट्टा घातला, आणि दोघं बांधावरच्या फणसाखाली गेले. पपांसाठी पाट होता, पण ते जमिनीवरच गुडघे टेकून बसले. एलायस पाण्याच्या मोटरीच्या ओट्यावर.

आई आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. ऐकू काही येत नव्हतं. पपा बोलत होते, बोलतच होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना वाइनची कृती सांगतानाच पाहिलं होतं. आणि एलायस ऐकत होता. मध्ये एकदाही त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी त्याने पपांच्या डोक्यावर हात धरला.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आईने त्याला दारातच गाठलं. "काय म्हणाले रे एवढं?"

"आई, सकाळी तळलेले फुगे आहेत का अजून? गरम असतील तर दे ना."

"एलायस, मी तुझी आई आहे. माझ्याबद्दल होतं का?"

"दोन दे," एलायस म्हणाला. आईने दिले, आणि त्याने दोन्ही एकदम तोंडात घातले.

दुपारी मांडवात सगळी आळी जेवायला बसली. नवीन धर्मगुरूच्या घरचं जेवण, म्हणून दुमिंगकाकाही आले होते, पण पार टोकाच्या पंगतीत, पपांकडे पाठ करून. वाइनचे ग्लास फिरले. फादर हिलरींनी दुसरा मागितला. मग पपा उठले, आणि पाहुण्यांना वाटलं, आता कृती. काहींनी ताट सरकवून तयारीही केली.

पपा एलायसच्या खुर्चीपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "काय रे, सकाळी मी तुला काय सांगितलं?"

आईने माझा दंड पकडला.

"कधी?" एलायस म्हणाला.

"सकाळी. फणसाखाली."

"फणसाखाली?" एलायसने आठवल्यासारखं केलं. "हां, बसलो होतो खरा. सावली छान आहे तिथे, पपा. फांदी छाटू नका."

पपांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या पाठीवर, नव्या झग्यावर, असा जोरात हात मारला की त्याच्या ग्लासातली वाइन सांडली. ते तिथून चालत मांडवाच्या टोकाला गेले, दुमिंगकाकांच्या शेजारी रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्यांच्याच ग्लासातून एक घोट घेतला.

"दुमिंग," ते म्हणाले, "यंदा लवंग जास्त झालीय."

दुमिंगकाकांनी आधी पपांकडे बघितलं, मग लांब बसलेल्या तेरेजकाकीकडे, मग ग्लासाकडे.

"इतकी वर्षं फुकट पितोयस," ते म्हणाले, "आणि आज सांगतोस होय?"